बंदरनायके आणि चोवीस तासांचे आश्वासन

२५ सप्टेंबर १९५९ची सकाळ. कोलंबोतील रोझमीड प्लेस या रस्त्यावरच्या आपल्या बंगल्यात सिलोनचे पंतप्रधान एस. डब्ल्यू. आर. डी. बंदरनायके नेहमीप्रमाणे व्हरांड्यात लोकांना भेटत होते. आलेल्यांमध्ये तलदुवे सोमाराम नावाचा एक भिक्खूही होता. आयुर्वेद महाविद्यालयात शिकवणारा, डोळ्यांचा वैद्य. पंतप्रधान त्याच्यापुढे आले आणि रिवाजाप्रमाणे हात जोडून वाकले. भिक्खूने चीवराआडून रिव्हॉल्व्हर काढले आणि गोळ्या झाडल्या. दुसऱ्या दिवशी बंदरनायके रुग्णालयात वारले. जाण्यापूर्वी त्यांनी लोकांसाठी एक निवेदन दिले होते. त्यात मारेकऱ्याबद्दल करुणा बाळगा, सूड घेऊ नका असे आवाहन होते.

बौद्ध राष्ट्रांचा अभिमानाने उल्लेख करताना आपण श्रीलंकेचे नाव घेतो. अनागारिक धर्मपालांचे घेतो, अनुराधपूरच्या बोधिवृक्षाचे घेतो. ही गोष्ट मात्र आपल्या शिबिरांत सहसा कोणी सांगत नाही. ती सांगावी लागते, कारण पुढे त्या बेटावर जे तीन दशकांचे युद्ध झाले, आत्मघाती बॉम्बहल्ले झाले, त्याची एक मुळी या माणसाच्या आयुष्यातून जाते. आणि हा माणूस क्रूर नव्हता. धर्मवेडाही नव्हता. म्हणूनच त्याचे आयुष्य नीट पाहण्यासारखे आहे.

सॉलोमन वेस्ट रिजवे डायस बंदरनायके यांचा जन्म ८ जानेवारी १८९९चा. नावातला 'वेस्ट रिजवे' हा तेव्हाच्या ब्रिटिश गव्हर्नरच्या नावावरून घेतलेला. वडील सर सॉलोमन हे महामुदलियार, म्हणजे इंग्रज सरकारच्या देशी मानकऱ्यांतले सर्वांत वरचे. घर सिंहली, धर्म अँग्लिकन ख्रिस्ती, बोली इंग्रजी. मुलगा सेंट थॉमस कॉलेजात शिकला, मग ऑक्सफर्डला गेला. तिथे वक्ता म्हणून त्याने नाव कमावले, युनियनचा पदाधिकारी झाला, आणि वर्णभेदाचे चटकेही त्याला तिथेच बसले. १९२५ साली बॅरिस्टर होऊन परतला तेव्हा त्याला सिंहलीत धड भाषण करता येत नव्हते. पुढे ज्या भाषेच्या नावावर त्याने निवडणूक जिंकली, ती त्याने मोठेपणी, मेहनतीने शिकली.

परत आल्यावर त्याने केलेली एक गोष्ट आज वाचताना थबकायला होते. १९२६ साली या तरुण बॅरिस्टराने सिलोनसाठी संघराज्य पद्धत सुचवली. वर्तमानपत्रात लेख लिहिले, जाफन्याला जाऊन तमिळ तरुणांपुढे व्याख्यान दिले. स्वित्झर्लंडचे उदाहरण दिले. सिंहली, तमिळ, मुस्लिम अशा समाजांना एका मध्यवर्ती सत्तेखाली दाबून बसवले तर देश टिकणार नाही, हे त्याला सत्ताविसाव्या वर्षी कळत होते. तीस वर्षांनी तमिळांच्या पक्षाने हीच मागणी केली तेव्हा ती देश तोडण्याची मागणी ठरली. ठरवणाऱ्यांत बंदरनायकेंचे अनुयायी पुढे होते.

राजकारणात त्यांची चढण झपाट्याने झाली. कोलंबो नगरपालिका, मग सार्वत्रिक मताधिकाराखाली १९३१ साली स्टेट कौन्सिल. याच सुमारास त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला, सूट-टाय सोडून देशी पांढरा पोशाख घातला. हे मतांसाठी केले की मनापासून, यावर त्यांच्या देशात आजही वाद होतो. मला वाटते दोन्ही. मताधिकार खेड्यापर्यंत गेल्यावर सत्तेची किल्ली विहाराच्या अंगणात आहे हे त्यांनी ओळखले. पण बौद्ध विषयांवरचे त्यांचे वाचन आणि जातिभेदाविषयीची चीड दिखाऊ नव्हती. त्यांच्याच सरकारने १९५७ साली जातीवरून मंदिर, हॉटेल, विहीर, शाळा नाकारणे हा गुन्हा ठरवणारा कायदा केला. जाफन्यातल्या अस्पृश्य तमिळांना त्याचा आधार झाला. बंदरनायकेंना सरळ खलनायक करणाऱ्यांनी हा कायदा विसरू नये.

१९३०च्या दशकात त्यांनी सिंहल महासभा काढली. स्वातंत्र्यानंतर डी. एस. सेनानायके यांच्या मंत्रिमंडळात ते आरोग्य व स्थानिक स्वराज्य मंत्री होते. आपल्याला पुढचा नंबर मिळणार नाही हे दिसल्यावर १९५१ साली बाहेर पडले आणि श्रीलंका फ्रीडम पार्टी स्थापन केली. लक्षात घ्या, या पक्षाची सुरुवातीची मागणी इंग्रजी हटवून सिंहली आणि तमिळ अशा दोन्ही भाषांना राजभाषा करण्याची होती. १९४४ साली स्टेट कौन्सिलमध्ये झालेला ठरावही दोन्ही भाषांच्या बाजूनेच होता. १९५२च्या निवडणुकीत पक्षाला नऊ जागा मिळाल्या.

इथे सिंहली बहुसंख्याकांचे दुःख खरे होते हे मान्य करून पुढे जायला हवे. देशात इंग्रजी येणाऱ्या मूठभरांचे राज्य होते. खेड्यातला सिंहली शाळामास्तर, वैद्य, भिक्खू, शेतकरी यांची भाषा कचेरीत चालत नव्हती. मिशनच्या शाळा सरकारी अनुदानावर पोसल्या जात आणि विहारांच्या शाळा मागे पडत. जाफन्याची जमीन कोरडी, तिथे मिशनऱ्यांनी इंग्रजी शाळा लवकर काढल्या, म्हणून तमिळ मुले सरकारी नोकरीत लोकसंख्येच्या मानाने जास्त दिसत. ज्या समाजाला शतकानुशतके शाळेबाहेर ठेवले, त्या समाजातल्या आपल्याला सिंहली खेड्याचा तो सल समजतो. पण सल खरा असला म्हणून त्याचा दोष कोणाच्या माथी मारायचा हे आपोआप ठरत नाही. ते नेता ठरवतो. इंग्रजीविरुद्धचा राग तमिळांकडे वळवता येतो, आणि तसे केले की मते जास्त मिळतात, हे १९५५ साली बंदरनायकेंच्या ध्यानात आले.

१९५६ हे बुद्ध जयंतीचे २५००वे वर्ष. सगळा देश उत्साहात. फेब्रुवारीत बौद्ध चौकशी समितीचा अहवाल आला. परकी राजवटीत धम्माची उपेक्षा कशी झाली हे त्याने मांडले. भिक्खूंनी एकत्र येऊन आघाडी काढली आणि ते गावोगाव प्रचाराला निघाले. संघ, वेद, गुरू, गोवी, कमकरू, म्हणजे भिक्खू, वैद्य, शिक्षक, शेतकरी आणि कामगार या पाच शक्ती आपल्यामागे आहेत, असे बंदरनायके सांगू लागले. आणि घोषणा एकच : सत्तेवर येताच चोवीस तासांत सिंहली ही एकमेव राजभाषा. प्रतिस्पर्धी युनायटेड नॅशनल पार्टीनेही घाबरून त्याच वर्षी दोन भाषांचे धोरण टाकून सिंहलीची कास धरली. भाषेचा लिलाव सुरू झाला होता आणि बोली फक्त वर जात होती. एप्रिलमध्ये निकाल लागला. ९५ निवडून द्यायच्या जागांपैकी ५१ बंदरनायकेंच्या आघाडीला, सत्ताधारी पक्षाला आठ.

चोवीस तासांत अर्थातच काही झाले नाही. ५ जूनला विधेयक आले. मूळ मसुद्यात तमिळांसाठी काही सवलती होत्या. त्याविरुद्ध विद्यापीठातल्या एका अध्यापकाने उपोषण मांडले, पाठीराख्यांनी दबाव आणला आणि सवलती गळाल्या. त्या दिवशी संसदेजवळ गॉल फेसच्या मैदानावर एस. जे. व्ही. चेल्वनायकम यांच्या फेडरल पार्टीने सत्याग्रह केला. खासदार, कार्यकर्ते निःशस्त्र बसले होते. जमावाने त्यांना बदडून काढले. पोलीस पाहत राहिले. ए. अमृतलिंगम नावाच्या तरुण खासदाराचे डोके फुटले. हे नाव ध्यानात ठेवा. दंगल शहरात पसरली, मग पूर्वेच्या गल ओया खोऱ्यात गेली आणि तिथे माणसे मेली. संसदेत डाव्या पक्षाचे कोल्विन आर. डी सिल्वा यांनी बजावले की दोन भाषा ठेवाल तर देश एक राहील, एक भाषा लादाल तर देश दोन होतील. विधेयक बहुमताने मंजूर झाले.

त्याच वर्षी, त्याच बुद्ध जयंतीच्या निमित्ताला धरून, १४ ऑक्टोबरला नागपुरात बाबासाहेबांनी लाखोंना धम्मदीक्षा दिली. बाबासाहेब १९५० साली सिलोनला जाऊन आले होते. तिथला धम्म प्रत्यक्ष जीवनात किती उतरला आहे हे पाहणे हा त्यांचा हेतू होता. लोकशाहीतल्या बहुमताविषयी त्यांनी जे लिहून ठेवले ते कोलंबोला जसेच्या तसे लागू पडते. राजकीय बहुमत बनते आणि मोडते, त्यात कोणीही शिरू शकतो. जातीचे किंवा जमातीचे बहुमत जन्माने ठरते, त्याचे दार बाहेरच्याला कायमचे बंद असते. १९५५च्या भाषावार राज्यांवरील पुस्तकात त्यांनी लहान समाजांच्या संरक्षणाचा प्रश्न याच धास्तीने मांडला. तमिळ माणसाने कितीही निवडणुका लढवल्या तरी तो सिंहली होणार नव्हता. त्याला संसदेत न्याय मिळण्याचा एकच मार्ग उरतो : बहुसंख्याकांचा नेता स्वतःहून दिलेला शब्द पाळील हा. आणि बंदरनायकेंच्या आयुष्याचा पुढचा भाग नेमका न पाळलेल्या शब्दाचा आहे.

२६ जुलै १९५७ रोजी त्यांनी चेल्वनायकम यांच्याशी करार केला. प्रादेशिक परिषदा, उत्तर-पूर्वेत तमिळमधून प्रशासन, सरकारी वसाहतींत बाहेरच्यांना वसवण्यावर मर्यादा. सव्वीस सालचा तो तरुण बॅरिस्टर जणू परत आला होता. फेडरल पार्टीने आपला सत्याग्रह मागे घेतला. चेल्वनायकम हे मवाळ, ख्रिस्ती, गांधीमार्गी गृहस्थ. आपल्या लोकांना ते सांगू शकले की बसून बोलल्याने काही मिळते.

मग विरोधकांनी तेच केले जे बंदरनायकेंनी पूर्वी केले होते. जे. आर. जयवर्धने यांनी करार हा सिंहलींचा विश्वासघात आहे म्हणत कॅन्डीच्या दंतमंदिराकडे पदयात्रा काढली. ती अर्ध्यात अडवली गेली, पण बोली वर गेलीच. १९५८च्या सुरुवातीला वाहनांच्या नंबरपाटीवर सिंहली 'श्री' अक्षर सक्तीचे झाले. उत्तरेत तमिळांनी त्यावर डांबर फासले, दक्षिणेत सिंहलींनी तमिळ पाट्यांवर. ९ एप्रिलला शेकडो भिक्खू आणि आंदोलक रोझमीड प्लेसच्या त्याच बंगल्यासमोर येऊन बसले. करार रद्द करा. पंतप्रधानांनी रद्द केला. तोंडी नको, लेखी द्या, असे भिक्खू म्हणाले. त्यांनी लेखी दिले.

माझ्या मते श्रीलंकेच्या युद्धाची तारीख शोधायची तर ती १९८३ नाही, ही आहे. त्या दिवशी कोणी मेले नाही. पण दोन्हीकडच्या तरुणांना एकाच वेळी धडा मिळाला. सिंहली तरुणाला कळले की गर्दी जमवली की सरकार वाकते. तमिळ तरुणाला कळले की आपल्या म्हाताऱ्या नेत्याने सभ्यपणे मिळवलेला कागद एका दुपारीत फाटतो.

मे महिन्यात फेडरल पार्टीचे अधिवेशन होते. तिकडे निघालेल्या तमिळ प्रवाशांवर पोलोन्नारुवाच्या स्थानकात हल्ले झाले आणि आग पसरली. बंदरनायके आणीबाणी जाहीर करायला तयार होत नव्हते. २६ मेला ते रेडिओवर बोलले. त्या भाषणात त्यांनी पूर्वेकडे झालेल्या एका सिंहली माजी महापौराच्या खुनाचा उल्लेख केला, जणू दंगलीचे कारण तेच. प्रत्यक्षात तमिळांवरचे हल्ले त्याआधीच सुरू झाले होते. तार्झी विट्टाची या सिंहली पत्रकाराने 'इमर्जन्सी ५८' या पुस्तकात याबद्दल पंतप्रधानांना धारेवर धरले आहे. देशाचा प्रमुख शांततेचे आवाहन करता करता एका समाजाकडे बोट दाखवतो, ते दंगलखोराला परवान्यासारखे ऐकू येते. वस्तीत तणाव असताना रात्र-रात्र थांबलेल्या कोणत्याही कार्यकर्त्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. २७ मेला अखेर आणीबाणी लागली. तोवर शेकडो लोक मारले गेले होते, बहुतेक तमिळ. हजारोंना जहाजांनी जाफन्याला पोहोचवावे लागले. उलट बाजूने उत्तरेतल्या नागदीप बेटावरच्या बौद्ध विहाराचीही मोडतोड झाली. पानदुरा गावी एका हिंदू पुजाऱ्याला जिवंत जाळले.

तेव्हा वेल्वेट्टीतुरै या किनारी गावातला एक मुलगा साडेतीन वर्षांचा होता. वेलुपिल्लै प्रभाकरन. मोठेपणी त्याने मुलाखतींत सांगितले की लहानपणी ऐकलेल्या या दंगलीच्या गोष्टी, विशेषतः त्या पुजाऱ्याची, त्याच्या मनात घर करून राहिल्या. लिट्टेने पुढे जे केले त्याचे हे समर्थन होत नाही. लाखो तमिळांनी त्याच गोष्टी ऐकल्या आणि हातात बंदूक घेतली नाही. पण बंदूक घेणाऱ्याला सांगायला गोष्ट लागते, आणि ती सरकारने पुरवली.

ऑगस्ट १९५८ मध्ये तमिळच्या वापराला थोडी जागा देणारा कायदा बंदरनायकेंनी करून घेतला. त्याचे नियम मात्र त्यांच्या हयातीत झालेच नाहीत. बाकी कारभारात त्यांनी बरेच केले : त्रिंकोमालीचा ब्रिटिश नाविक तळ गेला, बससेवा सरकारी झाली, कुळांसाठी कायदा झाला, फाशीची शिक्षा स्थगित झाली. पण मंत्रिमंडळ आतून फाटले होते आणि ज्यांनी त्यांना निवडून आणले ते आता हिशेब मागत होते.

त्यांतला मुख्य मापिटिगम बुद्धरक्खित, केलनियाच्या प्रसिद्ध विहाराचा प्रमुख. १९५६च्या प्रचारात याने माणसे आणि पैसा उभा केला होता. खटल्यात जे पुढे आले त्यावरून कटाचा सूत्रधार तोच, आणि त्याच्या रागाचे कारण धम्म नव्हते, भाषाही नव्हती. त्याला हवी असलेली धंद्याची कंत्राटे पंतप्रधानांनी दिली नव्हती. सोमारामला मात्र आपण देश, धर्म आणि वंशासाठी हे करतो आहोत असे पटवले गेले होते. खुनानंतर सरकारने फाशी परत आणली. सोमाराम १९६२ साली फासावर गेला. मरण्यापूर्वी त्याने ख्रिस्ती धर्म घेतला होता. बुद्धरक्खिताची फाशी जन्मठेपेवर आली आणि तो तुरुंगातच वारला. स्वतंत्र सिलोनमधला सत्तेवरच्या नेत्याचा हा पहिला राजकीय खून. तो ना तमिळाने केला, ना परक्याने.

त्यांच्यामागे पत्नी सिरिमावो १९६० साली पंतप्रधान झाल्या, जगातल्या पहिल्या महिला पंतप्रधान. लिलाव चालूच राहिला, फक्त पक्षांनी जागा बदलल्या. १९६५ साली डडली सेनानायके यांनी चेल्वनायकम यांच्याशी करार केला तेव्हा रस्त्यावर विरोध करायला बंदरनायकेंचा पक्ष होता. तोही करार बारगळला. सत्तरच्या दशकात विद्यापीठ प्रवेशाचे निकष असे बदलले की तमिळ विद्यार्थ्याला जास्त गुण लागू लागले. १९७२च्या संविधानाने बौद्ध धर्माला अग्रस्थान दिले. १९७५ साली जाफन्याचे महापौर आल्फ्रेड दुरैअप्पा यांना प्रभाकरनने गोळी घातली. दुरैअप्पा तमिळ होते आणि बंदरनायकेंच्या पक्षाचे होते. पुढच्या वर्षी लिट्टे स्थापन झाली. त्याच मे महिन्यात मवाळ तमिळ पक्षांनाही वेगळ्या राष्ट्राचा ठराव करावा लागला, नाहीतर तरुण त्यांचे ऐकेनात.

मवाळांचे पुढे काय झाले? गॉल फेसवर जमावाने ज्यांचे डोके फोडले होते, त्या अमृतलिंगमना १९८९ साली कोलंबोत लिट्टेने गोळ्या घालून मारले. दरम्यान जाफन्याचे ग्रंथालय जळाले होते, १९८३च्या जुलैत तमिळांची कत्तल झाली होती, अनुराधपूरला महाबोधीच्या आवारात भाविक आणि अरन्थलावाला बसमधले तरुण श्रामणेर लिट्टेने मारले होते. बंदरनायकेंची कन्या चंद्रिका कुमारतुंगा १९९४ साली अध्यक्ष झाल्या. वडिलांनी फाडलेल्या कराराच्याही पुढे जाणारे सत्तावाटपाचे प्रस्ताव त्यांनी आणले. ते संसदेत अडले, आणि डिसेंबर १९९९ मध्ये कोलंबोच्या प्रचारसभेत लिट्टेच्या आत्मघाती स्त्रीने स्वतःला उडवले. चंद्रिका वाचल्या. त्यांचा उजवा डोळा गेला.

तमिळला राजभाषेचा दर्जा १९८७च्या घटनादुरुस्तीने मिळाला होता, पण तोवर कागदावर काय लिहिले आहे याने फारसा फरक पडत नव्हता. २००९च्या मे महिन्यात मुल्लिवायक्कालच्या चिंचोळ्या किनाऱ्यावर युद्ध संपले तेव्हा हजारो तमिळ नागरिक मेले.

गॉल फेसच्या मैदानाजवळ बंदरनायकेंचा उंच पुतळा आहे. २०२२ साली आर्थिक दिवाळखोरीविरुद्ध सिंहली, तमिळ, मुस्लिम तरुणांनी त्याच मैदानावर तळ ठोकला. त्यांच्यात भिक्खू होते, भिक्षुणीही होत्या. राष्ट्रगीत तमिळमध्येही म्हटले गेले. १८ मे रोजी तिथे मुल्लिवायक्कालची आठवण म्हणून पातळ पेज शिजवून वाटली गेली, शेवटच्या दिवसांत वेढ्यातले तमिळ जिच्यावर जगले तशी. ज्या मैदानावर १९५६ साली सत्याग्रही मार खात होते, तिथे सिंहली मुले ती पेज पीत उभी होती.